आभाळात लपवलेली बोअरची जागा

सतरा वर्षं मी शाळेत भूगोल शिकवत होतो आणि त्या सतरा वर्षांत आपण पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहोत हे मला एकदाही कळलेलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं ते वाटूरच्या अलीकडच्या बाभळीच्या रानात. मला नाद जुन्या बारवा बघायचा. पायऱ्यांच्या या विहिरी आमच्या भागात जागोजाग आहेत, पण काटेरी झुडपांनी अशा झाकून गेलेल्या की एकदा सापडलेली पुन्हा सापडेलच असं नाही. त्या दुपारी मी अशीच एक बारव शोधत होतो आणि एकाच गुराख्याला तीनदा भेटलो.

पहिल्यांदा तो म्हणाला, "कुठं निघालात गुरुजी?" मी म्हटलं, "जरा पुढं." दुसऱ्यांदा त्यानं नुसतं बघितलं. तिसऱ्यांदा त्यानं फडकं सोडून अर्धी भाकर माझ्यापुढं केली आणि म्हणाला, "बसा. हिंडून हिंडून भूक लागली असंल."

भाकर खाताना मी बारवेचा विषय काढला. तर ती त्याच्या म्हशी बसल्या होत्या त्यांच्या मागंच, वीस पावलांवर. "मग सांगितलं का नाहीस?" असं मी विचारलं, तेव्हा त्याला खरोखर आश्चर्य वाटलं. "तुम्ही इचारलंच न्हाई. आन् मास्तर माणसाला वाट कशी सांगावी?"

त्या दिवशी मी ठरवलं की आता उपग्रहाकडून वाट दाखवणारं ते हातातलं यंत्र घ्यायचं. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. तेव्हा मोबाइल फोन बोलण्यापुरता होता आणि त्याची रेंज शोधायला गच्चीवर जावं लागे. जीपीएस हा शब्द मी वर्गात सांगितला होता, परीक्षेत विचारला होता, पण वस्तू डोळ्यांनी पाहिली नव्हती.

औरंगाबादेत मोजणीचं सामान विकणारं एक दुकान होतं. साखळ्या, टेप, तिपाया, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठ्या. दुकानदार चष्म्यावरून बघणारा, कमी बोलणारा गृहस्थ. त्यानं काचेवर दोन यंत्रं ठेवली. एक पिवळं, साबणाच्या वडीएवढं, करड्या पडद्याचं, बटणं मोजून पाच. दुसरं काळं, जाडजूड, रंगीत पडद्याचं. त्यात होकायंत्र होतं, समुद्रसपाटीपासूनची उंची होती, चंद्र उगवायची वेळ होती आणि, खोटं सांगत नाही, मासे पकडायला दिवसातली कोणती वेळ चांगली तेही होतं. आमच्या घनसावंगी तालुक्यात त्या साली माणसाला प्यायला पाणी टँकरनं येत होतं.

"कशासाठी पाहिजे सर?" दुकानदारानं विचारलं.

"जुन्या विहिरी शोधायला. एकदा सापडली की जागा नोंदवून ठेवायची."

"मग हे पिवळं न्या. बटणं कमी तेवढ्या चुका कमी."

मला हा माझा अपमान वाटला. मी म्हटलं, दोन्ही चालवून बघू. पत्र्याखाली उपग्रह सापडत नाहीत म्हणून तो मला बाहेर रस्त्यावर घेऊन गेला. मी दोन्ही हातांत दोन यंत्रं धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. पाच मिनिटं काही झालं नाही. येणारे-जाणारे थांबून वर बघायला लागले, कारण मी वर बघत होतो. मग एकेक उपग्रह उगवला, पट्ट्या भरल्या आणि पडद्यावर आकडे आले. अक्षांश. रेखांश. फळ्यावर आयुष्यभर जे काढलं ते, आणि आता त्या छेदबिंदूवर मी उभा. पृथ्वी एवढी मोठी आणि तिनं मला पाहिलं होतं.

दुसरा धक्का लगेच बसला. शेवटचे आकडे हलत होते. मी खांबासारखा उभा होतो आणि यंत्राच्या मते मी शतपावली करत होतो.

"हे बिघडलंय का?"

"नाही सर. दहा-पंधरा पावलं इकडंतिकडं धरूनच चालायचं. विहीर सापडेल. याच्या भरवशावर घराचा पाया खोदू नका, एवढंच."

मी हसलो. दुकानात परत येऊन दोन्ही यंत्रांची पोटं तपासायला लागलो. काळ्या यंत्रात सेटिंगच्या आत, फार आत, एक यादी सापडली. पृथ्वीचा आकार कुठला धरून मोजायचं त्याची. शंभरावर नावं. देशोदेशींची. खाली सरकत गेलो तर त्यात भारताचं नाव. पिवळ्या यंत्रातही तशी यादी असणारच, पण मी ती शोधली नाही. मासे राहिले, चंद्र राहिला. परदेशी यंत्राच्या पोटात आपल्या देशाचं नाव निघालं, एवढ्यावर मी काळं यंत्र पसंत केलं. कोणतीही वस्तू यापेक्षा वाईट कारणानं निवडता येत असेल तर मला माहीत नाही.

दुकानदारानं माझी नजर कुठं आहे ते बघितलं. "तिथं हात लावू नका सर. जगाचं लावलेलं आहे तेच राहू द्या. आपलं नाव आहे ते जुन्या सरकारी नकाशांसाठी आहे."

मी मान हलवली. मागच्या बाकावरची पोरं हलवतात तशी.

आता अक्काच्या शेताकडे यावं लागेल. अक्का माझी थोरली बहीण, आणि तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी. जांब समर्थकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या गावात त्यांची तीन एकर मोसंबीची बाग. अकरा वर्षांची झाडं, दाजींनी स्वतःच्या हातांनी आळी करून वाढवलेली. सलग दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली, विहीर आटली आणि बाग शेंड्यापासून वाळत खाली यायला लागली. गावातल्या चौघांनी आपापल्या बागा तोडून सरपणाला लावल्या होत्या. दाजी म्हणाले होते, बोअरला पाणी लागलं तर ठीक, नाही तर शिमग्याआधी मी बी तोडणार. ते हे शांतपणे म्हणाले, म्हणून अक्का घाबरली होती.

त्यांनी पाणाड्या बोलावला. म्हातारा माणूस, कडुनिंबाची बेचक्याची फांदी हातात धरून अनवाणी चालायचा. फांदी खाली ओढली गेली की पाणी. आता आमच्याकडे अशी जागा सापडली की तिथं दगड मांडतात, कुंकू लावतात आणि बोअरची गाडी येईपर्यंत तो दगड कुणी हलवत नाही. पण दाजींना दगड नको होता. बांधापलीकडं त्यांच्या चुलतभावाचं रान. त्याचीही विहीर आटलेली, तोही गाडीच्या शोधात. आपला दगड त्याला दिसला आणि गाडी आधी त्याला मिळाली तर तो बांधाला खेटून बोअर घेईल आणि खालचं पाणी ओढून नेईल, ही दाजींची भीती. ही भीती काही वेडी नव्हती. असं होत होतं.

मी तिथं हजर होतो. यंत्र गळ्यात होतं. यंत्र घेतल्यापासून ते गळ्यातच असायचं. मी म्हटलं, "दाजी, दगड कशाला? जागा आभाळात ठेवू."

"म्हंजी?"

मी अर्धा तास म्हंजी सांगितलं. दाजींचे डोळे चमकले. पाणाड्या मात्र खुश नव्हता. "हातभर सरकलं तर खाली खडक लागंल," तो म्हणाला. "दगड ठिवा. आन् मी एका रानात वर्षातून एकदाच बघतो, पुन्हा बोलवू नका." मी त्याला समजावलं की दगड सरकतो, उपग्रह सरकत नाही. दहा-पंधरा पावलांची गोष्ट मला आठवत नव्हती असं नाही. आठवत होती. मी ती बोललो नाही.

एवढ्यावर आम्ही थांबलो नाही. चुलतभाऊ गोठ्यातून बघत असेल म्हणून दाजींच्या सांगण्यावरून आम्ही बागेत सहा ठिकाणी थांबलो. सहाही ठिकाणी पाणाड्या फांदी धरून उभा, दाजी हात जोडून, मी यंत्र वर करून. त्यातलं एकच ठिकाण खरं. ते मी यंत्रात नोंदवलं आणि तिथले आकडे वहीतही उतरवले. दुसऱ्या दिवशी दाजींनी ओळींमधून वखर फिरवून पावलांचे ठसेसुद्धा पुसले. चुलतभावाला काय, आता ब्रह्मदेवालाही ती जागा सापडली नसती.

मग मी घरी आलो आणि यंत्रातली नोंद पुसून टाकली. का, असं अक्कानं नंतर अनेकदा विचारलं. मास्तराचा हात, दुसरं काय. तास संपला, वहीत उतरवून झालं, की फळा स्वच्छ. आणि पुढच्या रविवारी दुपारी माहितीपुस्तिका वाचता वाचता मी त्या यादीत शिरलो. जगाचं म्हणून जे लावलेलं होतं ते मूळचं अमेरिकेचं निघालं. मराठवाड्याची जमीन, भारताचा मास्तर, आणि माप अमेरिकेचं. मी भारताचं नाव निवडलं, ओकेचं बटण दाबलं आणि समाधानानं झोपलो.

बाराव्या दिवशी गाडी आली. बोअरच्या गाड्या तेव्हा दक्षिणेकडून यायच्या, माणसंही तिकडचीच. तोडकं-मोडकं हिंदी बोलायची आणि दिवसाला दोन गावं उरकायची. गाडीवाला खाली उतरून म्हणाला, "जल्दी बोलो, पॉइंट किधर?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळी त्यांच्या नजरेत माझ्याबद्दल जो विश्वास होता तो मी त्याआधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. मी वहीतले आकडे यंत्रात भरले. बाण फिरला, थरथरला आणि वायव्येकडे टोक करून थांबला. अंतर सव्वाशे मीटरच्या पुढं.

आम्ही चाललो. मी पुढं, मागं दाजी, त्यांच्या मागं अक्का, आणि गाडी सुरू ठेवून गाडीवाला. चार ओळी ओलांडल्या. सहा ओलांडल्या. बाग संपली आणि बांध आला. बाण म्हणाला, पुढं.

"गुरुजी," दाजी हळूच म्हणाले, "हा बांध हाय."

"थोडं पुढं असेल."

"बांधाच्या पुढं त्याचं रान हाय."

माझे पाय थांबले नाहीत. असं का झालं ते मला आजही सांगता येत नाही. आकडा कमी कमी होत होता आणि कमी होणाऱ्या आकड्यामागं माणूस चालत राहतो. मी बांध चढलो, उतरलो, चुलतभावाच्या रानातून सरळ गेलो आणि त्याच्या गोठ्यात शिरलो. यंत्र वाजलं. पोचलो होतो. यंत्राच्या मते पाणी गव्हाणीला बांधलेल्या बैलाच्या पोटाखाली होतं.

गोठ्याच्या दुसऱ्या अंगानं चुलतभाऊ आला. हातात वैरणीची पेंढी. त्यानं मला बघितलं, माझ्यामागच्या दाजींना बघितलं, बांधावर उभ्या गाडीवाल्याला बघितलं.

"गुरुजी, बैल सोडून घिऊ का?" त्यानं विचारलं.

दाजींनी गोठ्यावरून नजर फिरवली. मग म्हणाले, "आपण त्या दिशी ह्याच्या गोठ्यात आल्तो का?"

"दाजी, माणसाच्या आठवणीचा काही भरवसा नसतो. उपग्रह..."

"मी माझ्या रानात उभा व्हतो. हे मला उपग्रहानं सांगायची गरज न्हाई."

"मग सांगा, सहापैकी कोणती जागा?"

सगळी झाडं सारखी वाळलेली, सगळ्या ओळी वखरलेल्या. त्यांनी मागं बागेकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

तेव्हा अक्का पुढं आली. आमच्या घरात खरं बोलायची वेळ आली की तीच पुढं येते. "भाऊजी," ती चुलतभावाला म्हणाली, "पाण्याची जागा तुमच्यापासून लपवली व्हती. आता लपवणाऱ्यालाच सापडंना. माझ्या भावानं ती आभाळात ठिवली आन् आभाळानं तुमच्या बैलाखाली दाखवली."

बांधावरून गाडीवाला ओरडला, "पॉइंट नहीं है तो मैं जाता, साब." आणि खरंच गाडीकडे वळला. तो गेला की पुन्हा कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. बागेजवळ महिनाभरही उरला नव्हता.

चुलतभावानं पेंढी खाली ठेवली. "मला ठाव हाय जागा," तो म्हणाला.

दाजी त्याच्याकडे वळले.

"तुला कशी?" दाजींनी विचारलं.

"दाराआडून बघत व्हतो की त्या दिशी. दाखवतो. पाणी लागलं तर माझ्या बैलाच्या अन् म्हशीच्या हौदाला एक पाइप द्यायचा. दुसरं काय न्हाई."

ज्याच्यासाठी सगळं सोंग केलं त्यानंच बघितलं होतं, आणि आता त्याच्याकडूनच विचारून घ्यायचं. पलीकडं गाडीचा आवाज वाढला. दाजी म्हणाले, "दिला. चल."

चुलतभाऊ बांध ओलांडून बागेत शिरला, ओळी मोजल्यासारखा चालला आणि बांधाकडून तिसऱ्या ओळीत एका झाडाजवळ टाच रोवून उभा राहिला. "हितं."

गाडी लागली. पहिला तासभर पांढरी धूळ. अक्का पदर नाकाला लावून उभी. दाजी गाडीकडे पाठ करून बसलेले. ते आवाजावरून ओळखत होते. दोनशे फूट, धूळ. अडीचशे, धूळ. मी दूर उभा होतो, यंत्र पँटच्या खिशात खोल घालून. मग आवाज बदलला, धूळ काळपट झाली, चिखल झाला, आणि मग पाणी आलं. धो धो नाही. दोन इंची पाणी, गढूळ, पण थांबेना. दाजी उठून उभे राहिले, पुन्हा बसले. चुलतभाऊ एकटक पाण्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावरही माझ्याएवढाच धक्का होता. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

माझी चूक काय झाली ते मला दोन आठवड्यांनी कळलं. एका मापानं घेतलेले आकडे मी दुसऱ्या मापात भरले होते. यंत्रात नोंद ठेवली असती तर यंत्रानं स्वतःच जुळवून घेतलं असतं. वहीला ते जमत नाही. भारताच्या नावानं मी दाजींची जागा सव्वाशे मीटरच्याही पलीकडं नेऊन ठेवली होती. मी जगाचं माप परत लावलं, तेच आकडे पुन्हा भरले आणि कुणाला न सांगता बागेत गेलो. बोअरपाशी उभं राहून यंत्र शून्य दाखवताना बघायचं होतं. थोडी अब्रू परत मिळवायची होती.

शून्य आलं नाही. बाण बोअरकडे पाठ करून बागेच्या मध्याकडे वळला. चाळीस मीटर.

मी बाणामागं गेलो. बांधाकडून सातव्या ओळीत एक झाड, त्याची एक फांदी कमरेएवढ्या उंचीवर मोडलेली. ती फांदी मी ओळखली. त्या दिवशी खरी जागा बघताना पाणाड्यानं आपली पिशवी तिला अडकवली होती आणि निघताना ती विसरला म्हणून मी पुन्हा मागं आलो होतो. खरी जागा ही होती. बोअर दुसरीकडेच घेतलं होतं.

मी सरळ गोठ्यात गेलो. चुलतभाऊ म्हशीला पाणी दाखवत होता, दाजींच्या पाइपचं.

"तुम्ही दाराआडून बघितलं होतं ना?" मी विचारलं.

त्यानं माझ्या हातातल्या यंत्राकडे बघितलं. "काय म्हणती ही?"

"चाळीस मीटर चुकलंय म्हणते."

तो म्हशीची पाठ चोळायला लागला. "गुरुजी, बघितलं-बिघितलं काय न्हाई. तुम्ही दुसऱ्या ठिकाणी थांबलात तवाच मी कट्टाळून घरी गेल्तो."

"मग टाच कशाला रोवली?"

"गाडी निघाली व्हती. आन् त्याचं तोंड बघवंना." हे तो दाजींबद्दल बोलत होता, ज्यांच्याशी त्याचं चार वर्षं धड बोलणं नव्हतं. "सकाळी बैल सोडताना रोज दिसती मला त्याची बाग. सगळी झाडं वाळली, त्या एकाचा पाला सगळ्यात शेवटी गळाला. म्हणलं, त्याच्या मुळाला खाली काय तरी लागलंच असंल."

"आणि लागलं नसतं तर?"

"मंग नाव पाणाड्याचं गेलं असतं, न्हाई तर तुमच्या मशीनचं. माझं काय जाणार व्हतं?" मग म्हणाला, "सांगायचं असंल तर सांगा त्याला."

मी बांध ओलांडून परत आलो. हजारो मैलांवरच्या उपग्रहांकडून मी जागा विचारत होतो आणि हा माणूस गोठ्याच्या दारातून एका झाडाचा पाला बघत होता. दाजी बोअरजवळच्या ओळीत वाकून आळ्याला पाणी सोडत होते. त्या झाडाला खालच्या फांदीवर हिरवे कोंब आले होते, नखाएवढे. दाजींनी मला बांधावरून येताना बघितलं होतं.

"तिकडं कशाला गेल्ता? काय म्हणती मशीन?"

"बोअरची जागा बरोबर आहे म्हणते."

"मंग त्या दिशी काय झाल्तं तिला?"

"तिला नाही. मी चुकलो होतो."

दाजी सरळ उभे राहिले. हसले नाहीत. "ते आम्हाला त्याच दिशी कळलं व्हतं," असं म्हणून त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं. "त्या अंगाचं पाणी फोडा. अन् त्याच्या हौदाकडचा कॉक बंद करू नका, म्हस अजून पीत असंल."